पुसलेलं ताट

कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या वजनकाट्यावर मी पहिल्यांदा उभा राहिलो तो माझ्या मर्जीने नाही. हंगाम सरत आला होता, कापसाच्या गाड्या तुरळक येत होत्या, आणि दुपारच्या रिकाम्या वेळात मापाऱ्याला थट्टा सुचली. मापारी म्हणजे कापूस तोलणारा माणूस. वयाने माझ्याहून मोठा, दाढीचे खुंट नेहमी रुईच्या तंतूंनी पांढरे झालेले. मी त्याच कारखान्यात कारकून होतो. देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षं झाली होती आणि मी चाळिशीला टेकलो होतो.

"बाबूजी, या न जरा काट्यावर. काटा बरोबर आहे का नाई, पाहू द्या."

"तुमच्या काट्याले मीच भेटलो काय?"

"दुसरं एवढं वजनच नाई इथं आज."

हमाल हसले. न चढलो असतो तर जास्त हसले असते, म्हणून चढलो. अडीच मण भरलो. कापसाची दाबलेली गाठ साधारण पाच मणांची. मापाऱ्याने मनातल्या मनात भागाकार केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "अर्धी गाठ."

तेच माझं नाव पडलं. मी फाटकातून आत येताना कुणीतरी हलकेच म्हणायचं, अर्धी गाठ आली. मी ऐकलं नाही असं दाखवायचो. वजन उतरवायचं मनात येऊ लागलं, त्याला दुसरंही एक कारण होतं. गाठी दाबायच्या प्रेसच्या माडीवर हजेरी घ्यायला जावं लागे, त्या लाकडी जिन्याच्या मधल्या पायरीवर मी आता बसू लागलो होतो. बसल्यावर छातीत जे वाजायचं त्याची मला भीती वाटत होती. माझे वडील असेच एका जिन्यावर बसले होते आणि मग उठले नाहीत.

मी खायचो फार, हे खरं. बायकोच्या हाताला चव होती. गोळाभात करायची, त्यावर करडईचं कडकडीत तेल ओतायची, ते भातात चर्र करून मुरायचं. पातोडीचा, बेसनाच्या वड्यांचा रस्सा असला की मी पाच पोळ्या मोजायचो आणि सहावी न मोजता खायचो. आम्हाला मूल नव्हतं. त्यामुळे तिचा सगळा जीव स्वयंपाकात आणि माझा जेवणात, असं चाललं होतं. ती समोर पाट टाकून बसायची, हातात पंखा, आणि बोलत राहायची. विहिरीवर काय झालं, कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या सुनेने काय उलटून म्हटलं. दिवसभरात आमचं बोलणं व्हायचं ते त्या अर्ध्या तासात. एरवी मी ऑफिसात, नाहीतर बाहेर ओट्यावर.

माझं झालं की ती त्याच ताटात जेवायची. आमच्या घरची रीत होती. आई तशीच जेवायची, आजीही. मी ताटात चतकोर भाकर, भाजीची एखादी फोड, भाताचा घास मुद्दाम ठेवून उठायचो. ती त्यात पातेल्यात उरलेलं वाढून घ्यायची. स्वयंपाकच इतका असायचा की उरायचं भरपूर. तिच्यासाठी वेगळं काही शिजवलं जातं असं मी कधी पाहिलं नाही, आणि तसं काही असायला हवं, हे मनातही आलं नाही.

नालवाडीच्या बाजूला एक गुरुजी राहत. शाळेतून निवृत्त झालेले, खादी नेसणारे, पाणी आणि माती यांनीच रोग बरे होतात असं मानणारे. कोणाकडून काही घेत नसत. आमच्या भागात त्या वेळी अशी माणसं होती. हातसडीचा तांदूळ आणि लाकडी घाण्याचं तेल यांवर तासभर बोलू शकतील अशी. मी सकाळी चालत त्यांच्याकडे गेलो. त्यांनी माझी जीभ पाहिली, पोट दाबलं, आणि काय काय खाता ते विचारलं. मी सांगत असताना ते मधे मधे डोळे मिटत होते.

मग त्यांनी विचारलं, "घरात जेवणारे किती?"

मी म्हणालो, "मीच."

हे मी का म्हणालो, त्याचा पुढे अनेक वर्षं विचार केला. खोटं बोलायचं नव्हतं. इलाज माझा होता, म्हणून प्रश्नही माझ्यापुरता असेल असं वाटलं. पण माणूस घाईत जे बोलतो ते त्याच्या मनात आधीपासून असतंच. पंधरा वर्षांच्या संसारात, घरात जेवणारा मी एक होतो. ती उरलेलं खाणारी होती.

गुरुजींनी पथ्य सांगितलं. मीठ, मिरची, तेल बंद. भाजी नुसती उकडलेली, शक्यतो दुधी भोपळा, म्हणजे आमच्याकडची लौकी, ज्वारीच्या दोन भाकरी, वाटीभर हातसडीचा भात. संध्याकाळी ताक आणि एखादं फळ. सकाळी पोटावर मातीची पट्टी, नंतर टबात कटिस्नान. जेवताना मौन, प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा. आणि शेवटची गोष्ट त्यांनी बोट उभं करून सांगितली. जेवढं लागतं तेवढंच शिजवायचं, आणि ताटात कण उरवायचा नाही. अन्न टाकणारा माणूस आपलं शरीर कधी सांभाळू शकत नाही.

मी एकदा एखादी गोष्ट मनावर घेतली की पुरी करतो. तो माझा गुण आहे असं मला वाटायचं. घरी आलो आणि बायकोला म्हणालो, "आजपासून लौकी उकडायची. नुसती."

"फोडणी?"

"नाई."

"मीठ?"

"तेही नाई."

"मंग त्याले भाजी काऊन म्हणता? बैलापुढे ठेवली तर तोही मान फिरवीन."

मी तिला मौनाचं सांगितलं. ती हसली. "म्हंजे मी बोलायचं अन् तुमी आयकायचं?"

"दोघांनीही नाई बोलायचं. मन जेवणावर पायजे."

पहिले दोन दिवस तिला ते जमलं नाही. काहीतरी आठवायचं, तोंड उघडायची, मी बोट वर करायचो, ती पदर तोंडाला लावून हसायची. तिसऱ्या दिवसापासून हसणं गेलं. मग घरात फक्त माझ्या चावण्याचा आवाज. मी तो मोजत असायचो.

समोर असलं की जीभ चळते म्हणून तेलाचा डबा, लोणच्याची बरणी, उन्हाळ्यात तिने केलेले पापड-कुरड्या, सगळं मी उचलून शेजारच्या काकूंकडे दिलं. तिने उंबऱ्यापर्यंत येऊन पाहिलं. "आंब्याचं तरी राहू द्या," एवढंच म्हणाली. मी तिला संयमावर दोन शब्द सांगितले. ते आठवले की आता कान तापतात.

आणि ताट. शेवटच्या घासाने मी ताट असं पुसून घ्यायचो की पितळेत तोंड दिसावं. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "आता ताट घासायचंही काम गेलं." मला ती दाद वाटली. जेवून उठलो की शतपावलीला जायचो, तिथून ऑफिसात. माझ्यामागे ती त्या पुसलेल्या ताटात काय वाढून घेते, हे पाहायला मी पाच महिन्यांत एकदाही थांबलो नाही. मी मोजून शिजवायला सांगितलं होतं, ती मोजून शिजवत होती. मोजलं होतं माझ्यापुरतं.

तुम्ही विचाराल की तिने स्वतःपुरतं वेगळं का नाही केलं. मीही विचारलं, नंतर. नवरा पथ्यावर असताना बायकोने मागे काही खमंग करून खाणं म्हणजे चोरी, असं ती समजत होती. तिला कोणी तसं शिकवलंही नसेल. त्या वेळच्या बायका हे हवेतून शिकत. माझ्या पथ्याला तिने व्रत मानलं, आणि नवऱ्याचं व्रत अर्धं बायकोचं असतं.

मी मात्र उतरत होतो. दर आठवड्याला, हंगाम नसलेल्या त्या रिकाम्या कारखान्यात, मापारी मला तोलायचा. दोन मण अठरा शेर. दोन मण चौदा. पोळ्याच्या सुमाराला दोन मण पाच शेरांवर आलो. जिना एका दमात चढू लागलो.

"बाबूजी," मापारी म्हणाला, "आता काट्याले दुसरं वजन शोधा लागते."

हमालांनी नाव टाकलं. एक-दोघांनी पथ्य विचारून घेतलं. मी त्यांना मौनाबद्दल, चावण्याबद्दल सांगितलं. दिवसभर बोजे वाहणाऱ्या माणसांना मी कमी खाण्याचे फायदे सांगत होतो. त्यांनी ऐकून घेतलं. बाबू आहे, बोलू द्या, असं म्हणत असतील.

घरी ज्या खुणा होत्या त्या मी पाहिल्या नाहीत असं नाही. पाहिल्या. जात्यावर दळताना ती मधेच थांबून खुंट्याला कपाळ टेकायची. चोळीची बाही दंडावर सैल लोंबायची. एकदा काकू म्हणाल्या, "काय गं, अर्धी झाली तू?" तेव्हा मी ओट्यावर बसलेलो होतो. मी मनातल्या मनात खूश झालो. संध्याकाळी तिला म्हणालो, "तुलेही मानवलं म्हणायचं."

तिने माझ्याकडे पाहिलं, आणि पदर खांद्यावरून पुढे ओढून घेतला.

त्या दिवसांत ती दोन-तीनदा जेवणाच्या वेळी बोलायला आली होती. हे मला पक्कं आठवतं. घास तोंडात असताना तिने "आयकता का" म्हटलं, मी बोट वर केलं. जेवण झाल्यावर मी विचारलं, "काय म्हणत होती?"

"काई नाई."

मला वाटलं, काही नसेल.

भाद्रपदात एका सकाळी मी टबात बसलो होतो. कटिस्नानाला सहा घागरी पाणी लागायचं. ते तीच सार्वजनिक विहिरीवरून आणायची, दळण आणि सडासारवण झाल्यावर. पाचव्या घागरीनंतर ती पुन्हा गेली होती. पोटावर ओल्या मातीची पट्टी बांधून मी डोळे मिटून बसलो होतो. गुरुजींनी सांगितलं होतं, या वेळी मनात कोणताही विचार आणू नये. बाहेरून काकूंची हाक आली. पहिल्या हाकेला मी उत्तर दिलं नाही. दुसरीलाही नाही. तिसऱ्यांदा त्या दारातच आल्या.

"अवो, मातीत काय बसले. ती पडली तिकडं."

मी धोतर गुंडाळून, पोटावर माती तशीच, विहिरीपर्यंत धावलो. मला चांगलं धावता आलं. ते पाच महिन्यांचं फळ होतं, आणि तेव्हा ते मला जाणवलंही. तिला बायकांनी फरशीवर टेकवून बसवलं होतं. घागर काठावर आपटून चेपली होती. ती चार हात पुढे पडली असती तर विहिरीत गेली असती. तिने डोळे उघडले आणि माझ्या पोटाकडे पाहिलं.

"झालं नाई तुमचं?" ती म्हणाली. "एक घागर राह्यली."

दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. उंच, करड्या केसांच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी तिची खालची पापणी ओढून पाहिली आणि मलाही दाखवली. आत पांढरं होतं.

"अंगात रक्त नाही. जेवता काय तुम्ही?"

"यांचं जे राह्यते तेच," ती म्हणाली.

बाई माझ्याकडे वळल्या. मी पथ्य सांगितलं. सगळं नीट, क्रमाने सांगितलं. सांगताना, काय सांगावं, आवाजात थोडा अभिमान होता. तो सवयीने आला. बाईंनी मधे एकदाही टोकलं नाही. मग त्यांनी तिला वजनाच्या यंत्रावर उभं केलं. शहात्तर पौंड.

"आधी किती होतं?"

 तिला कोणी कधी कशावर तोललंच नव्हतं.

"तुमचं किती?" त्यांनी मला विचारलं.

"दोन मण पाच शेर. आधी अडीच मण." माझ्या तोंडून ते झटकन निघालं.

"तुमचं पाठ आहे," बाई म्हणाल्या. मग तिच्याजवळ खुर्ची ओढून बसल्या आणि विचारलं, "त्यांना उतरायचं होतं. तुम्हाला कुठं उतरायचं होतं बाई?"

 ती रडू लागली, आवाज न करता, आणि तिच्यासमोर उभं राहून मला कळलं की पाच महिन्यांत, किंवा पंधरा वर्षांत, मी त्या प्रश्नाच्या जवळपासही गेलो नव्हतो.

चार दिवसांनी तिचा भाऊ वडनेरहून आला. शेती करणारा, सरळ माणूस. त्याने मला एक शब्द म्हटला नाही. "दोन महिने राहू द्या भाऊजी. दुधावर ठेवतो तिले," एवढंच. तिने निघताना मला चूल कशी पेटवायची, ज्वारीचं पीठ कुठे आहे, राख कुठे टाकायची ते सांगितलं. मोटार फाट्यावर वळेपर्यंत मी उभा होतो. तिने मागे पाहिलं असेल तर धुळीत मला दिसलं नाही.

मग मी एकटा राहिलो. जन्मात पहिल्यांदा भाकर थापली. ती फाटली. दुसरीही. तिसरी जमली असं वाटलं तर तव्यावर करपली. चुलीपुढे डोळे पुसत बसलो, आणि धुरामुळे पुसतोय असं समजायला कोणी नव्हतं, म्हणून तसंच बसून राहिलो.

पाचव्या-सहाव्या दिवशी हात जरा बसला. मी तिच्या मापाने पीठ घेतलं, तिच्याच वाटीने तांदूळ, तेवढीच लौकी. शिजवलं, वाढून घेतलं, नेहमीसारखं जेवलो, ताट पुसलं. आणि मग पातेल्यात आणि भाकरीच्या टोपलीत पाहिलं. चतकोर भाकर. भाताची खरवड. लौकीचं पाणी आणि तळाला तीन फोडी.

तिचं जेवण माझ्यासमोर होतं.

मी दुसऱ्या दिवसापासून तेवढंच खायचं ठरवलं. पातेल्यात राहील तेच, बाकीचं गाईला. पहिल्या दिवशी ठीक गेलं. दुसऱ्या दिवशी दोन वाजता ऑफिसात हात कापू लागला, दौत कलंडली. तिसऱ्या दिवशी घरी येताना फाटकाजवळच्या ठेल्यावर उभा राहून मी दोन आलुबोंडे खाल्ले, मिरची चावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तीन दिवस. आणि मी खुर्चीत बसणारा माणूस. मला दळायचं नव्हतं, पाणी भरायचं नव्हतं.

गुरुजींकडे गेलो तो भांडायच्या इराद्याने गेलो होतो. सगळं सांगितलं. ते चरख्यापाशी बसले होते. हात थांबला.

"मी तुम्हाला विचारलं होतं," ते म्हणाले. "घरात जेवणारे किती."

"हो."

"तुम्ही म्हणालात, मीच."

मी मान खाली घातली. त्यांनी चरखा बाजूला सारला. मग म्हणाले, "माझंही चुकलं. पुरुष 'मीच' म्हणतो तेव्हा पुन्हा विचारायला पाहिजे. तुमच्या पोटाचा इलाज आपण दोघांनी तिच्या पोटावर केला."

त्यांनी मला नवं पथ्य लिहून दिलं नाही. बसवून घेऊन समजावलं. बसून काम करणाऱ्याचं जेवण वेगळं, राबणाऱ्याचं वेगळं. पालेभाजी, तुरीचं वरण, ताक, जवसाची चटणी, गूळ-शेंगदाणे. तेल विष नाही, डबा ओतणं विष. मीठही परत आलं. तुम्ही दोन घास कमी खा, ते म्हणाले, पण ते दोन घास दुसऱ्याच्या ताटातून कमी करू नका.

मी शिकलो. चवळीचा पाला जवसाच्या तेलाच्या एका धारेवर परतायला शिकलो. वरण पातळ न करता पुरवायला शिकलो. भूक आणि चव यांतला फरक मला तेव्हा कळू लागला, कारण एकट्याने जेवताना चव लवकर संपते. वजन थोडं वर आलं, मग थांबलं, आणि तिथंच राहिलं. मापाऱ्याच्या काट्यावर मी जायचं बंद केलं. त्याने एकदा विचारलं, "काऊन बाबूजी, रुसले काय काट्यावर?" मी म्हटलं, घरी माणूस नाही, वेळ होत नाही. तो नुसता "हं" म्हणाला आणि डबीतला तंबाखू पुढे केला.

दीड महिन्याने एका रविवारी मी वडनेरला गेलो. हिंगणघाटला मोटार बदलली. भर दुपारची वेळ होती, भाऊ शेतावर गेलेला. दार उघडं होतं. आत स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज येत होता आणि तो मी ओळखलाच नाही आधी. ती आणि तिची वहिनी समोरासमोर बसून जेवत होत्या. दोघींची दोन ताटं. भाकर, ठेचा, आंबाडीची भाजी, तिच्यावर तेलाचा तवंग. ती बोलत होती. तोंडात घास, हातात घास, आणि बोलणं चालूच. कोणाच्या तरी चालण्याची नक्कल करत होती, हात हलवून. गालांवर मांस आलं होतं.

मी उंबऱ्यात उभा राहिलो. तिने मला पाहिलं आणि ताट बाजूला सारून उठू लागली. हात ताटावर झाकल्यासारखा राहिला.

"बस न. जेव," मी म्हणालो.

"झालं होतं माझं."

झालं नव्हतं. अर्धी भाकर तशीच होती.

वहिनी पाणी घेऊन आल्या. मोकळ्या बाई, जिभेला हाड नाही. "जवाईबापू, तुमच्यासाठी लौकी उकडू काय? मीठ नाई टाकत."

"काहीही चालेल वहिनी."

"आता काईही चालते होय," त्या म्हणाल्या. "ते अगुदर चाललं असतं तर पोरीचे हाडं नसते मोजा लागले आमाले."

मी जे वाढलं ते जेवलो. ती चुलीकडे तोंड करून माझ्यासाठी भाकर शेकत होती. घरात पुन्हा फक्त माझ्या चावण्याचा आवाज होता.

संध्याकाळच्या मोटारीआधी अंगणात मी तिला म्हणालो, "चलते का घरी?"

ती पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. मग म्हणाली, "मले भूक लागते आता."

मी समजलो नाही.

"पयले लागत नव्हती. तिकडं शेवटी शेवटी लागतच नव्हती. आता लागते. वेळेवर लागते." ती माझ्याकडे न पाहता बोलत होती. "तिकडं येऊन ती जाईन काय, याचं भेव वाटते."

माझ्याशी इतकं सरळ ती पूर्वी कधी बोलली नव्हती. मी म्हणालो, "तू आधी जेवत जाजो. माझी वाट पाहू नको. तुझं वेगळं ताट. काय पायजे ते शिजव, माझं मी करून घेईन."

"लोक काय म्हणतीन?"

"म्हणू दे."

पंधरा दिवसांनी भाऊ तिला आणून सोडून गेला.

हे लिहिताना मला वाटतं, इथं थांबलो तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. पण मी खरं लिहायचं ठरवलं आहे. मी नवीन ताट आणलं होतं. पहिल्या दिवशी दोन पाट समोरासमोर मांडले आणि म्हटलं, बस, बरोबर जेवू. ती बसली. मी पहिला घास घेतला, तिनेही घेतला. तो तिच्या तोंडात फिरत राहिला. मी काहीतरी बोललो, हवापाण्याचं. तिने मान हलवली. दुसरा घास तिने घेतला नाही. बोटांनी भात इकडचा तिकडे करत राहिली. मी तिला सांगितलं, मौन नाही आता, बोल. ती म्हणाली, "काय बोलू?" आणि ते रागाने नव्हतं. खरंच विचारत होती. तिसऱ्या दिवशी मी पाहिलं की तिचं ताट जवळजवळ तसंच गाईकडे जातंय. चौथ्या दिवशी मीच म्हणालो, राहू दे, तू आधी जेवून घेत जा.

तेव्हापासून ती आधी जेवते. सकाळी मी फिरायला गेलो की, आणि संध्याकाळी मी यायच्या आधी. बहुतेकदा काकूंना बोलावते, त्या आपलं ताट घेऊन येतात. माझं झाकून ठेवलेलं असतं. पालेभाजी, वरण, दोन भाकरी, ताक, सगळं प्रमाणात, तेल बेताचं. माझ्या तब्येतीची ती काळजी घेते, त्यात तिने कधी कसूर केली नाही. मी जेवतो तेव्हा ती बाहेरच्या खोलीत असते. हाक मारली तर येते, हवं ते वाढते, जाते. आम्ही भांडत नाही. डॉक्टरीणबाईंनी वर्षभराने पुन्हा तोललं तेव्हा ती एकशे चार पौंड भरली. हा आकडा मी विसरणार नाही.

कधी कधी कारखाना लवकर सुटतो. परवा तसंच झालं. दाराशी आलो तर आत दोघींचं जेवण चाललेलं. भांड्याला पळी लागल्याचा आवाज, काकूंचं काहीतरी खालच्या आवाजात, आणि मग ती हसली. आत गेलो असतो तर तिने हात धुतला असता. मी चपला हातात घेतल्या आणि ओट्याच्या कडेला बसलो. रस्त्याने मापारी जात होता, सायकलवरून उतरला.

"बाबूजी, दार उघडं अन् तुमी बाहेर? काऊन?"

"ती जेवते आहे," मी म्हणालो.

तो मग सायकल भिंतीला टेकवून माझ्या शेजारी बसला, आणि आत भाकर थापल्याचा आवाज आला. ती स्वतःसाठी आणखी एक करत होती.